बडोद्याची इंजिनिअर, अहमदाबादचं अवकाश खातं आणि डेप्युटेशनचा अर्ज: एक पूर्ण केस

केस माझ्या भाचीची आहे. तिला विचारूनच लिहितेय, पण तिचं नाव देत नाही आणि तिच्या खात्याचंही देत नाही. बडोद्यात केंद्र सरकारच्या एका तांत्रिक खात्यात ती इंजिनिअर आहे, शिक्षण कलाभवनचं, इलेक्ट्रॉनिक्स (कागदोपत्री एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, पण दांडिया बाजारात अजून सगळे कलाभवनच म्हणतात). अहमदाबादला अवकाश विभागाखाली येणाऱ्या एका ऑफिसात इंजिनिअरच्या जागा डेप्युटेशनवर भरायच्या होत्या, म्हणजे मूळ नोकरी राखून काही वर्षांपुरत्या, सरकारच्या आतल्या आत, बाहेरच्या माणसाला अर्जच करता येत नाही. मी स्वतः केंद्र सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेत होते, आता रिटायर झालेय, असे अर्ज माझ्या टेबलावरून पुष्कळ गेलेत आणि चांगल्या चांगल्या माणसांचे अर्ज कुठे अडकतात ते मी जवळून पाहिलंय, म्हणून ही केस नीट लिहून ठेवावीशी वाटली.

माझं म्हणणं एकच आहे. असा अर्ज दोन वेगळी माणसं वाचतात. एक असतो फाइल पुढे पाठवणारा, त्याला तुमच्या इंजिनिअरिंगशी काही घेणं नसतं, त्याला तारखा, पगाराची लेव्हल, सही-शिक्का आणि सर्टिफिकेटं पाहिजेत. दुसरी असते तिकडची स्क्रीनिंग कमिटी, त्या लोकांना तुम्ही हाताने काय केलंय ते पाहिजे. बहुतेक जण पहिल्यासाठी लिहितात आणि दुसऱ्याला विसरतात, हुशार पोरं बरोबर याच्या उलट करतात. दोन्हीकडे अर्ज पडतो.

आधी जागा का निघतात ते सांगते, कारण घरी पहिला प्रश्न हाच आला की इस्रोत तर परीक्षा देऊन जातात, हे मधूनच काय? परीक्षेचा रस्ता वेगळा. इस्रोची सायंटिस्ट-इंजिनिअर 'एससी' ही जागा लेव्हल १० ची, बेसिक ५६,१०० पासून, बीईला किमान ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए, लेखी परीक्षा मग इंटरव्ह्यू. २०२३ च्या जाहिरातीत बीईवाल्यांना वयाची मर्यादा २८ होती. सरकारी नोकरांना नियमाप्रमाणे सवलत असते, पण चार वर्षांची मुलगी घरात असताना तिशीनंतर पुन्हा फ्रेशरांच्या बरोबरीने परीक्षेला बसायचं हे सगळ्यांना जमत नाही, आणि ते न जमण्यात कमीपणाही काही नाही. डेप्युटेशनचा रस्ता अनुभवी माणसासाठी आहे. वयाची मर्यादा साधारण ५६, आणि बघतात ते काम.

अहमदाबादेत आता अवकाश विभागाचं काम वाढलंय. जोधपूर टेकऱ्यावरचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर म्हणजे सॅक जुनंच, १९७२ पासूनचं, उपग्रहांचे पेलोड, म्हणजे त्यावरची उपकरणं, तिथे घडतात. २०२० मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना या क्षेत्रात यायला दार उघडलं, त्यासाठी इन-स्पेस नावाची संस्था काढली, तिचं मुख्यालय बोपलला, १० जून २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. परवानग्या द्यायच्या, तांत्रिक तपासणी करायची, असल्या कामांना खातं आतून माहीत असलेली माणसं लागतात आणि ती वेगवेगळ्या मंत्रालयांतून उसनी घ्यावी लागतात. बडोद्याला हे सगळं परकं नाही. विक्रम साराभाई अहमदाबादचे खरे, पण साराभाई केमिकल्स आपल्या बडोद्यात होतं, १९६० मध्ये ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप त्यांनी इथेच काढला, आणि आमच्या मागच्या पिढीतले कितीतरी मराठी काका साराभाईत नाहीतर अलेम्बिकमध्ये नोकरीला होते. १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा प्रयोग झाला, उपग्रहावरून गावागावांत टीव्ही, तेव्हा खेडा जिल्ह्यात पीजला ट्रान्समीटर उभा होता, आपण अहमदाबादला जाता-येता त्याच पट्ट्यातून जातो. भाचीला हे मी मुद्दाम सांगितलं, कारण तिच्या डोक्यात होतं की आपण छोट्या ऑफिसातले, ते मोठे शास्त्रज्ञ.

आता तिचं काम. नदीकाठी, धरणाजवळ, कुठे शेताच्या कडेला पाण्याची पातळी वगैरे मोजणारी जी ऑटोमॅटिक स्टेशनं उभी असतात, त्यात सेन्सर, डेटा लॉगर, सोलर पॅनल, बॅटरी आणि आकाशाकडे रोखलेला यागी अँटेना असतो, ती स्टेशनं सांभाळायची. ठरलेल्या वेळेला स्टेशन ४०२.७५ मेगाहर्ट्झवर एक छोटासा बर्स्ट, म्हणजे डेटाचा तुकडा, वर सोडतं, इन्सॅट मालिकेतल्या हवामान उपग्रहावरचा डेटा रिले ट्रान्सपाँडर तो पकडून खाली पाठवतो आणि अर्थ स्टेशनवर, म्हणजे जमिनीवरच्या केंद्रावर, तो उतरतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर खूप स्टेशनं बोलत असतात म्हणून प्रत्येकाला आपापला टाइम स्लॉट, याला टीडीएमए म्हणतात, आणि स्टेशनचं घड्याळ जीपीएसवरून जुळतं. जीपीएसचा अँटेना खराब झाला की घड्याळ हळूहळू सरकतं, बर्स्ट दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जाऊन पडतो आणि मग दोघांचाही डेटा जातो, आणि गंमत अशी की ज्याचा डेटा गेला म्हणून बोंब होते ते स्टेशन ठणठणीत असतं, बिघडलेलं भलतंच असतं. हे शोधून काढायला डोकं लागतं. ती ज्या इन्सॅट-३डी उपग्रहाच्या भरवशावर काम करायची त्याचे इमेजर आणि साउंडर (ढगांची चित्रं घेणारं आणि हवेचं तापमान-ओलावा मोजणारं उपकरण) सॅकमध्ये घडलेत, शंभर किलोमीटरवर. ती त्याच साखळीचं जमिनीवरचं टोक सांभाळायची.

आणि बायोडेटात तिने काय लिहिलं होतं? इंग्रजीत, पण अर्थ असा, टेलिमेट्री स्टेशनांची देखभाल-दुरुस्ती आणि वरिष्ठांनी वेळोवेळी सांगितलेली इतर कामं. बस. एक ओळ.

डेप्युटेशनच्या ठरलेल्या नमुन्यात एक रकाना असतो, कामाचं स्वरूप तपशीलवार लिहा आणि अर्ज केलेल्या पदाला जो अनुभव लागतो तो ठळक दाखवा. आणखी एक भाग असतो, एका बाजूला पदासाठी मागितलेली पात्रता आणि अनुभव, दुसऱ्या बाजूला तुमच्याकडे काय आहे. लोक तिथे 'सोबत जोडल्याप्रमाणे' लिहून मोकळे होतात. कमिटीसमोर अर्जांचा गठ्ठा असतो, कोण कशाला सोबतचे कागद उलटत बसेल?

मी तिला विचारलं, तू नेमकं काय करतेस गं? तर म्हणाली, मावशी, मेन्टेनन्स करते, अजून काय. मग म्हटलं, तो स्लॉटचा घोळ कुणी शोधला होता? म्हणाली, मीच. नवीन ट्रान्समीटर आले तेव्हा टेस्टिंग कुणी केलं? मी आणि एक सर. टेंडरचं टेक्निकल स्पेसिफिकेशन कुणी लिहिलं? ड्राफ्ट माझाच होता, सही सरांची. मग हे कुठे लिहिलंयस? गप्प बसली. मग म्हणाली, ते सगळे करतात मावशी, त्यात काय लिहायचं. ही आपल्या मुलींची सवय मला फार खुपते. केलेलं काम लिहिणं म्हणजे मिरवणं नव्हे, कमिटीला दुसरं कळायचं साधन काय?

दोन रात्री बसून तिने सगळं पुन्हा लिहिलं. सर्क्युलरमध्ये, म्हणजे त्या जागांच्या पत्रकात, सॅटेलाइट कम्युनिकेशनच्या ग्राउंड सिस्टिमचा अनुभव, टेस्टिंग आणि खरेदीच्या स्पेसिफिकेशनचा अनुभव असं मागितलं होतं, तर तिने तेच तीन मथळे धरून प्रत्येकाखाली आपलं काम मांडलं. ट्रान्समीटर स्वीकारताना आउटपुट पॉवर, फ्रिक्वेन्सी स्टॅबिलिटी, अँटेनाचा व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप) कसा मोजला, कशावर मोजला. जुनी स्टेशनं रँडम पद्धतीने, म्हणजे स्लॉट न ठरवता, बर्स्ट टाकायची ती टीडीएमएवर नेताना तिचा भाग काय होता. स्लॉटची टक्कर कशी ओळखली, आधी काय वाटलं होतं आणि शेवटी काय निघालं. किती स्टेशनं तिच्याकडे, आधी किती टक्के डेटा वेळेत यायचा आणि नंतर किती, हे आकडे ऑफिसच्या लॉगबुकातून काढले, अंदाजाने नाही, कारण खालच्या सर्टिफिकेटवर तिचं ऑफिस सही करणार की माहिती रेकॉर्डवरून तपासली आहे, तर रेकॉर्डमध्ये ते असायला पाहिजे. सरांबरोबर केलेलं काम सरांबरोबर केलं असंच लिहिलं. एकटीने केलं ते एकटीने.

हा झाला दुसरा वाचक. पहिल्याची गोष्ट जास्त दमवणारी आहे.

अशा सर्क्युलरला मुदत साधारण ६० दिवसांची, बहुतेक वेळा एम्प्लॉयमेंट न्यूजमध्ये छापल्यापासून. ऐकायला भरपूर वाटते. पण सर्क्युलर दिल्लीहून निघून मंत्रालय, मुख्यालय, विभाग करत खालच्या ऑफिसपर्यंत येतं तोपर्यंत बरेच दिवस निघून जातात आणि कधीकधी ते येतच नाही. हिला दिल्लीतल्या एका मैत्रिणीने पाठवलं, तेव्हा अर्धी मुदत संपत आलेली. आणि अर्ज वरपर्यंत जायला तोच जिना उलटा चढायचा असतो. म्हणून माझा आग्रह असा की ज्यांना अशी जागा पाहिजे त्यांनी वेबसाइटवर स्वतः नजर ठेवावी, नोटीस बोर्डाची वाट बघू नये, आणि सर्क्युलर दिसल्या दिवसापासून फाइलचं काम आणि बायोडेटाचं काम दोन्ही एकदम चालू करावं. या सर्क्युलरमध्ये ॲडव्हान्स कॉपी (खात्यामार्फत अर्ज जायच्या आधी थेट पाठवलेली प्रत) चालेल असं होतं, ती तिने लगेच पाठवली, पण ॲडव्हान्स कॉपीवर निवड होत नाही, खात्यामार्फत अर्ज आलाच पाहिजे.

अर्जासोबत काय काय जातं? खात्याने दिलेलं प्रमाणपत्र, व्हिजिलन्स क्लिअरन्स (चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला), इंटिग्रिटी सर्टिफिकेट (सचोटीचा दाखला), गेल्या १० वर्षांत काही शिक्षा झाली का त्याचा दाखला, केडर क्लिअरन्स (सोडायला मूळ खात्याची हरकत नसल्याचा दाखला) आणि गेल्या पाच वर्षांच्या एपीएआरच्या, म्हणजे वार्षिक कामगिरी अहवालांच्या, प्रती, प्रत्येक पानावर अंडर सेक्रेटरी दर्जाच्या किंवा वरच्या अधिकाऱ्याची सही-शिक्का. बडोद्याच्या ऑफिसात त्या दर्जाचं कुणी नाही, म्हणजे एपीएआरचं अटेस्टेशन मुख्यालयातच होणार. व्हिजिलन्सचंही तिकडूनच. हे ज्याला माहीत नसतं तो स्थानिक साहेबाची सही घेऊन खूश होतो आणि अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला पडतो.

तिची अडचण एपीएआरमध्ये निघाली. बाळंतपणाची रजा आणि पुढे चाइल्ड केअर लीव्ह, त्यामुळे एका वर्षाचा मोठा तुकडा रिकामा. असा तुकडा असला की नो रिपोर्ट सर्टिफिकेट लागतं, म्हणजे या काळाची एपीएआर लिहिलीच जाणार नव्हती आणि कारण हे, असा दाखला. तो सिस्टिममध्ये नव्हता. कुणी मुद्दाम केलेलं नाही, रजेवरून परत आल्यावर कुणाच्या लक्षातच आलं नाही. पण पाच वर्षांत एक वर्ष गायब दिसलं तर वाचणाऱ्याला ते बाळंतपण दिसत नाही, त्याला भोक दिसतं. दाखला मागवला आणि जोडीला त्याच्या आधीच्या एका वर्षाची एपीएआरही लावली, म्हणजे पाच पूर्ण. बायकांनी हे नीट ध्यानात ठेवा, रजेवरून परत आल्या आल्या तो दाखला करून घ्या, नंतर अधिकारी बदलतात, रिटायर होतात आणि मग सह्यांसाठी गावभर फिरावं लागतं.

व्हिजिलन्सला एक छोटी गोष्ट आड येऊ शकते ती म्हणजे दर वर्षी ३१ जानेवारीपर्यंत भरायचं स्थावर मालमत्तेचं विवरण. नावावर काही नसलं तरी ज्यांना ते लागू आहे त्यांनी 'निरंक' असं भरायचंच असतं, नाही भरलं तर क्लिअरन्स अडकतो. हिने भरलेलं होतं, म्हणून ते सुटलं.

'नियमित सेवा' या शब्दावरही बऱ्याच जणांची गाडी अडते. तीही सुरुवातीला दुसऱ्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर होती, ते दिवस तिला धरायचे होते. ते धरत नाहीत. सेवा मोजायची ती त्या लेव्हलवर नियमित नेमणूक झाल्यापासून अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत. तेवढ्यात ती बसत होती. कॉन्ट्रॅक्टचं काम अनुभव म्हणून वेगळं लिहिलं, सेवेत मिसळलं नाही, मिसळलं असतं तर पहिल्याच वाचकाने लाल पेन चालवलं असतं.

आता साहेब. साहेब म्हणाले, मान्सून तोंडावर आहे, मी माणूस सोडू शकत नाही. तिला वाटलं, संपलं. मला साहेबांचा राग आला नाही, विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा बडोद्याचं काय होतं ते आम्ही बघितलंय, पाण्याची पातळी वेळेत कळणं म्हणजे माणसांचे जीव आहेत, आणि ती गेली तर तो डेटा कोण बघणार हा प्रश्न खराच होता. पण अर्ज फॉरवर्ड करणं आणि माणूस रिलीव्ह करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिने साहेबांना एक पानाची नोट दिली. अर्ज आता पुढे पाठवावा, निवड झालीच तर पावसाळा संपेपर्यंत मी इथेच राहीन, आणि तोपर्यंत दोन ज्युनिअरना स्टेशनांची पूर्ण माहिती, स्लॉटचा तक्ता, नेहमीचे बिघाड असं सगळं लिहून देऊन शिकवीन. साहेबांनी त्याच नोटवर शिफारस लिहिली. साहेबाची अडचण आपण सोडवून दिली की तोही माणूसच असतो.

फाइल वर गेल्यावर मात्र एका टेबलावर बरेच दिवस बसून राहिली, शेवटी मुख्यालयातल्या सेक्शनला फोन केल्यावर कळलं की केडर क्लिअरन्सचा कागद दुसऱ्याच फाइलला लागलाय. रागावून काही होत नाही. डायरी नंबर जवळ ठेवायचा आणि शांतपणे विचारत राहायचं. अर्ज शेवटच्या आठवड्यात पोचला.

घरी एक बोलणं अर्जाच्या आधीच करून घेतलं होतं, आणि ते मी करायला लावलं. अशा सर्क्युलरमध्ये साधारण अट असते की एकदा अर्ज केला की नाव मागे घेता येणार नाही. निवड झाल्यावर 'सासूबाईंना विचारते' चालत नाही. जावई मकरपुरा जीआयडीसीत, त्याची नोकरी हलणार नाही. सासूबाई म्हणाल्या, अपडाउन कर, बडोद्याची अर्धी माणसं करतातच. पण रोज दोन्ही बाजूंनी दोन-दोन तास, वर स्टेशनपासून ऑफिसपर्यंत, आणि घरी लहान मूल, हे तीन-तीन वर्षं रेटता येत नाही. बोपलजवळ खोली घ्यायची, मुलीने आजीपाशी राहायचं, शुक्रवारी संध्याकाळी हिने घरी यायचं असं ठरलं. सोपं नाही हे. पण ठरवून अर्ज केला, त्यामुळे नंतर रडारड झाली नाही.

इंटरव्ह्यूत पॅनेलने कागद समोर ठेवून त्यावरूनच विचारलं. एकाने विचारलं, पावसाळ्यात तुमचा डेटा जास्त बुडतो का आणि का? ती म्हणाली, बुडतो, पण सिग्नल पावसाने कमजोर होतो म्हणून नाही, ४०२ मेगाहर्ट्झला पावसाचा फरक नगण्य असतो. ढगाळ दिवस लागोपाठ आले की सोलरची बॅटरी पुरत नाही, कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, विजेचा सर्ज येतो, ही खरी कारणं. आणि मग तिने कनेक्टरसाठी स्पेसिफिकेशनमध्ये काय बदल केला ते सांगितलं. पुस्तकातून हे उत्तर येत नाही. चिखलात उभं राहिलेल्या माणसालाच ते येतं, आणि पॅनेलला नेमकं तेच पाहिजे होतं असं मला वाटतं. लिंक बजेटचा (सिग्नल वाटेत किती कमी होऊन किती पोचतो त्या हिशोबाचा) एक प्रश्न तिला नीट आला नाही, तिने सरळ सांगितलं की हे मी कधी स्वतः केलेलं नाही. ते चाललं.

निवड झाली. पावसाळा संपल्यावर ती रिलीव्ह झाली.

पैशाचा हिशोब लोक फार उशिरा करतात म्हणून तोही लिहिते. डेप्युटेशनवर दोन पर्याय असतात, एक, आपला मूळ पगार आणि वर डेप्युटेशन भत्ता, त्याच गावात असेल तर बेसिकच्या ५ टक्के, गाव बदललं तर १० टक्के, २०१७ च्या आदेशात त्याला अनुक्रमे ४,५०० आणि ९,००० ची मर्यादा घातली होती. दोन, नव्या पदाच्या लेव्हलमध्ये पगार निश्चित करून घ्यायचा आणि भत्ता सोडायचा. जॉइन झाल्यापासून महिन्याभरात लेखी कळवायचं, आणि एकदा दिलेला पर्याय साधारणपणे बदलत नाही. उदाहरणापुरतं, लेव्हल ७ मध्ये ५८,६०० बेसिक असेल तर १० टक्के म्हणजे ५,८६० भत्ता. नवं पद लेव्हल १० चं असेल तर दुसऱ्या पर्यायात एक इन्क्रिमेंट धरून पगार ६१,३०० वर बसतो. बेसिक २,७०० ने वाढतं आणि डीए (महागाई भत्ता), एचआरए (घरभाडे भत्ता) त्या वाढीव बेसिकवर मिळतो, भत्त्यावर तो मिळत नाही. ती आणि जावई कॅल्क्युलेटर घेऊन बसले, सगळं मिळून पहिला पर्याय थोडा जड निघाला, तोच दिला. अहमदाबाद एक्स क्लासचं, म्हणजे घरभाड्यासाठी वरच्या वर्गातलं शहर, बडोदा त्याखालच्या वाय वर्गातलं, त्यामुळे एचआरएचा दरही वाढला.

मूळ खात्यातला लिअन, म्हणजे जागेवरचा हक्क, कायम आहे, प्रमोशनचा विचारही इथेच होणार. मुदत संपली की परत यायचं आणि पुढच्या डेप्युटेशनच्या आधी तीन वर्षांचा कूलिंग ऑफ, म्हणजे तेवढा काळ मूळ खात्यातच काढायचा. मुदतीआधी परत पाठवायचं झालं तर खात्याला आणि तिला तीन महिने आधी कळवायला लागतं. जाताना एलपीसी (शेवटच्या पगाराचा दाखला), सर्व्हिस बुकातल्या नोंदी, शिल्लक रजा हे तिने स्वतः बसून तपासलं. आता दर वर्षीची एपीएआर तिकडचे अधिकारी लिहितील, ती बडोद्याच्या फाइलला येऊन लागते की नाही हे बघायचं काम तिचं, आणि एप्रिलमध्ये तिने मला फोन करून पहिली एपीएआर पोचल्याचं सांगायचं असं आमचं ठरलंय.